‘पेस्टर’ कुठून आला? किडीतून की गोठ्यातून?

सड्यावरचा मास्तर
नमस्कार मंडळी. आठवी ते दहावीची मुलं माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येतात. शब्द नुसता घोकून घेण्यापेक्षा तो कुठून कसा आला हे सांगितलं की मुलांच्या डोक्यात पक्का बसतो, म्हणून दर शनिवारी एक शब्द फळ्यावर घेतो. आता ‘पेस्टर’ घ्यायचा आहे.

अर्थाबद्दल वाद नाही. एखाद्याच्या मागे सारखं लागून त्याला भंडावून सोडणं. एकदाच त्रास दिला तर तो पेस्टर होत नाही. तेच तेच मागत राहिलं, तेच तेच विचारत राहिलं, समोरचा ‘नको’ म्हणाला तरी परत आलं, तर होतो.

घोळ आहे तो मुळाचा. बहुतेकांची समजूत अशी की ‘पेस्ट’ म्हणजे कीड, आणि किडीसारखं छळतो तो पेस्टर करतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण शब्दकोश उघडला तर तिथे वेगळीच वाट दिसते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एम्पेस्त्रे’ असं क्रियापद होतं, अर्थ अडकवणं, गुंतवणं. त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला ‘पास्तोरिया’, म्हणजे चरायला सोडलेल्या जनावराचे पाय बांधायची दोरी. आणि ‘पास्तोर’ म्हणजे गुराखी. चर्चमधला पास्टर तो हाच, कळप सांभाळणारा. म्हणजे पेस्टर हा पास्टरचा चुलतभाऊ आणि पेस्टशी त्याचं रक्ताचं नातं नाही!

माझं मत असं की मूळ दोरीत आहे आणि आजचा अर्थ त्याला किडीच्या शेजारामुळे चिकटला. पण इथे गुरं राखलेली माणसं आहेत, म्हणून विचारतो. पाय बांधण्यापासून डोकं खाण्यापर्यंत अर्थ जाऊ शकतो असं तुम्हाला वाटतं का? आणि ‘पेस्टर’ला आपल्याकडचा अगदी नेमका शब्द कोणता?

तिरफळ
म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्याने यापुढे पंपाबरोबर दावंही आणायचं :)

वाघोटन
मास्तर, मला हे पटत नाही. पेस्ट, पेस्टर, पेस्टिसाइड ही एका माळेतली नावं आहेत हे कुणालाही दिसतं. शब्दकोशवाले चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदांत शोधत बसतात, पण भाषा बोलणाऱ्याच्या तोंडात असते. आज इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ‘पेस्टर’ म्हटलं की दोरी आठवते का? नाही ना? मग दोरी कशाला शिकवायची?

सड्यावरचा मास्तर
वाघोटनकाका, तुमच्या प्रश्नाला उत्तर त्या जुन्या कागदांतच आहे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता अडकवणं, अडचण करणं, दाटी करणं. जहाजात माल इतका कोंबला की हलायला जागा नाही, तर ते जहाज ‘पेस्टर’ झालं. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये रस्ते पेस्टर करणारा जमाव येतो, तो कुणाच्या मागे लागून काही मागत नाही, तो वाट अडवून उभा असतो.

माझा सर्वांत आवडता दाखला मिल्टन या इंग्रज कवीचा आहे. त्याचं ‘कोमस’ हे नाटक १६३४ साली लडलोच्या किल्ल्यात खेळलं गेलं. त्यात सुरुवातीलाच पृथ्वीवरच्या माणसांबद्दल म्हटलंय की ती इथे ‘पिनफोल्ड’मध्ये कोंडलेली आणि ‘पेस्टर’ झालेली आहेत. आणि पिनफोल्ड म्हणजे काय? कोंडवाडा! मोकाट गुरं धरून डांबायची जागा. त्या ओळीत किडीला जागाच नाही. दाटीवाटीने उभी असलेली, पाय न हलवता येणारी गुरं डोळ्यांसमोर आणा, मग ती ओळ कळते.

आणि त्या काळात ‘पेस्ट’चा अर्थ आजच्यासारखा पिकावरची कीड असा नव्हताच. लॅटिन ‘पेस्तिस’, म्हणजे महामारी, प्लेग. कीड हा अर्थ नंतरचा.

रापणकर
कोंडवाडा म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या मागे कोंडवाड्याच्या चिऱ्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, आत आता भेंडीची झाडं वाढलीत. कोंडवाडे चालायचे ते १८७१ च्या कायद्याने. दुसऱ्याच्या शेतात गुरू शिरलं की शेतवाल्याने ते धरून कोंडवाड्यात न्यायचं. मालकाने दंड भरायचा, वर जितके दिवस गुरू आत तितक्या दिवसांचा चाऱ्यापाण्याचा खर्च भरायचा, मग दावं हातात मिळायचं. यावरून गावात किती भांडणं झालीत त्याला गणती नाही. भावाभावांत बोलणं तुटलेली घरं मला माहीत आहेत.

आता कोंडवाडे बंद आणि गुरं रात्रीची हायवेवर बसतात. पावसात डांबर कोरडं आणि उबदार असतं, म्हणून. गाडीवाला मरतो, गुरूही मरतं. यावर वेगळा धागा काढायला हवा खरं तर.

गोठण
मास्तर, मी जन्मभर गुरं राखली, इंग्रजी मला येत नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. वस्तू समोर ठेवून सांगतो.

आमच्या गोठ्याच्या वाशाला अजून एक लोढणं टांगलेलं आहे. ऐनाचं लाकूड, हातभर लांब, मनगटापेक्षा जाड. वरच्या टोकाला आरपार भोक, त्यातून दोरी ओवून गुराच्या गळ्यात बांधायची. दोरीने घासून घासून भोकाची कड काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. खालचं टोक मात्र सड्यावरच्या कातळावर आपटून आपटून फुटलंय, दात घासायच्या काडीसारखे तंतू निघालेत. लोढण्याची लांबी अशी धरायची की गुरू उभं असताना ते गुडघ्याच्या जरा खाली यावं. चरताना मान खाली गेली की लोढणं जमिनीवर टेकतं, गुराला ओझं लागत नाही. हळूहळू चाललं तरी फार काही होत नाही. पण पळायला लागलं की लाकूड एकदा या ढोपरावर, एकदा त्या ढोपरावर बसतं. चार ढेंगांत जनावर थांबतं.

हे सगळ्या गुरांना नाही घालायचं. जे ओढाळ असतं, गडगा उडी मारून पलीकडे जातं, वई मोडून दुसऱ्याच्या भातात शिरतं, त्याला. तेही पावसाळ्यात, भात उभं असताना. कापणी झाली, मळे मोकळे झाले की लोढणं काढायचं. काहीजण लाकडाऐवजी पुढचे दोन पाय आखूड दोरीने एकमेकांना बांधतात, ती तुमची इंग्रजांची रीत दिसते. मला ती कधी आवडली नाही, पायाला काचतं आणि जखमेत किडे पडतात.

तर तुम्ही विचारता बांधण्यातून त्रास कसा आला. अहो, एक टोला ढोपरावर बसला तर गुराला काही वाटत नाही. प्रत्येक पावलाला बसतो, दिवसभर बसतो, म्हणून ते हैराण होतं. तुम्हीच वर लिहिलंत की एकदा केलं तर पेस्टर नाही, सारखं केलं पाहिजे. मग झालं की! अर्थ दोरीतच आहे. किडीची गरजच नाही.

काजूबी
गोठणकाका, वाचून थांबले. हे सगळं लिहून ठेवा हो, आमच्या पिढीने लोढणं नुसतं म्हणण्यात ऐकलंय.

आडिवऱ्याची लेक
म्हणण्यात कुणाबद्दल ऐकलंय तेही सांगायला हवं. ‘गळ्यातलं लोढणं’ हे लग्न न झालेल्या मुलीबद्दल, विधवा बहिणीबद्दल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबद्दल सर्रास म्हटलं जायचं. गोठणकाकांनी सांगितलं तसं लोढणं जनावराला घालतात ते ओढाळपणासाठी. माणसांच्या बाबतीत मात्र ज्या बाईला कुठे जायची मुभाच नाही तिलाच दुसऱ्याचं लोढणं म्हणायचं. वाकप्रचार जपा, शिकवा, पण तो कुणावर वापरला गेला तेही मुलांना सांगा. माझ्या आत्याने हा शब्द रोज ऐकला आहे.

गोठण
बाय, खरं बोललीस.

जयगडची खाडी
लोढण्याचा गुरांशी संबंध आहे तसा घोड्यांशी ‘पायबंद’चा. पायबंद म्हणजे मुळात घोड्याच्या पायाला बांधायची दोरी. घोडा तबेल्यात उभा केला की पुढून अगाडी आणि मागून पिछाडी बांधत. आज आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो तेव्हा घोडा कुणालाच आठवत नाही, पण शब्द तोच.

‘खोडा’सुद्धा पाहा. कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड म्हणजे खोडा. आता कामात खोडा घालतात.

इंग्रजीतही पायावरून निघालेले शब्द ढिगाने आहेत. लॅटिन ‘पेस’ म्हणजे पाऊल. पाय अडकवला की ‘इम्पीड’, पाय मोकळा केला की ‘एक्स्पिडाइट’. सरकारी पत्रात ‘एक्स्पिडाइट द मॅटर’ असतं ना, त्याचा मूळ अर्थ पायातली बेडी सोडा! ‘इम्पीच’च्या मुळाशीही पायबेडीच आहे. आणि मास्तर, तुमच्या पास्तोरियाचा आणखी एक वंशज इंग्रजीत जिवंत आहे, ‘पास्टर्न’. घोड्याचा खूर आणि घोटा यांच्यामधला अरुंद भाग. चरताना दोरी नेमकी तिथेच बांधत, म्हणून त्या अवयवालाच दोरीचं नाव मिळालं. मुलांना घोड्याचं चित्र काढून दाखवा.

सड्यावरचा मास्तर
वा! पास्टर्न मी नक्की घेणार.

मोहोर
मी आंबेवाला, त्यामुळे किडीची बाजू मांडायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो. तुम्ही सगळे दोरीकडे झुकलात.

थंडीत मोहोर आला की कलमाखालून चालून बघा. फांदीला खांदा लागला की तुडतुडे उडतात, चेहऱ्यावर, कानात, शर्टाच्या आत. गव्हाच्या दाण्याएवढेही नसतात. एक चिरडला तर दहा. ते मोहोरातला रस शोषतात आणि अंगातून चिकट गोड पाणी सोडतात. पानं तेल ओतल्यासारखी चकाकायला लागतात, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि मोहोर गळतो. पालवी आली की फवारणी, बोंगे फुटू लागले की परत, मग ठरलेल्या दिवसांनी परत. मध्ये एखादा पाऊस पडला, ढगाळलं, की सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आमच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लावलेलं असतं.

तर ‘सारखं सारखं परत येणं’ हा गुण तुम्ही लोढण्याला दिलात, तो किडीचाही आहे. मूळ शब्द दोरीचा असेल, मान्य. पण इंग्रज माणसाने तो कुणाला त्रास देण्यासाठी वापरायला सुरुवात केली तेव्हा कानात पेस्ट घुमत होताच. मास्तरांनी पहिल्याच पोस्टमध्ये हे म्हटलंय, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वाघोटन
मोहोर, बरं केलंस!

पानवेल
किडीआधी महामारी होती हे विसरू नका. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तो मांडवी भागात, गोदीजवळ. माणसं मुंबई सोडून पळाली, त्यात कोकणी माणूस मोठा. बोटी भरभरून बंदरांना लागल्या. पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, जो कोविडमध्ये पुन्हा बाहेर काढला. मराठी पत्रांत तेव्हा या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी आमच्या पणजीकडून घरात आल्यात.

लॅटिनमध्ये ‘प्लागा’ म्हणजे फटका, घाव. त्यावरून प्लेग. आणि इंग्रजीत ‘प्लेग’ हे क्रियापदही आहे, अर्थ छळणं, सतावणं. म्हणजे त्रास द्यायला महामारीचं नाव वापरायची इंग्रजांना सवय होतीच. पेस्टरचा अर्थ तिकडे सरकला यात नवल नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी
वर्तमानपत्रात नको असलेल्या फोनना ‘पेस्की कॉल’ म्हणतात, तो पेस्की यातलाच का?

सड्यावरचा मास्तर
तो बहुधा पेस्टवरूनच. अमेरिकेत अठराव्या शतकात रुळलेला शब्द. तो दोरीवाला नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी
धन्यवाद सर. विचारायचं कारण, नको असलेले फोन थांबवायच्या १९०९ या नंबरवर नोंद करून कर्जाचे आणि कार्डांचे फोन बरेच कमी झाले, पण जमिनीच्या दलालांचे होत नाहीत. ते साध्या नंबरवरून करतात. ‘काका, तुमची सड्यावरची जागा पडूनच आहे, पार्टी तयार आहे.’ नाही म्हटलं की आठवड्याने दुसरा. मग तिसरा थेट गावी जाऊन आईला गाठतो, तिच्याकडे सातबारा मागतो. सहहिस्सेदारांपैकी कोण अडचणीत आहे याची माहिती त्यांना आमच्याआधी असते. एक हिस्सेदार कंटाळून सही करतो आणि मग बाकीच्यांची कोंडी होते. मला या धाग्यातला अडकवण्याचा आणि सतावण्याचा अर्थ एकाच माणसात एकाच वेळी दिसतो. वैतागून लिहितोय, पण खरं आहे.

सड्यावरचा मास्तर
तुमचं वाचून हॅम्लेटमधली ओळ आठवली. तिथे राजा क्लॉडियस तक्रार करतो की नॉर्वेचा फोर्टिन्ब्रास सारखे निरोप पाठवून आम्हाला ‘पेस्टर’ करतोय. निरोप कशासाठी? बापाने गमावलेल्या जमिनी परत द्या म्हणून! शेक्सपिअरकडे दोन्ही अर्थ सापडतात, रस्ता अडवणारा जमाव आणि जमिनीसाठी पिच्छा न सोडणारा माणूस.

तुमच्या आईंना सांगा, सातबारा कुणाच्या हातात देऊ नका.

रापणकर
आणि सातबारा आता ऑनलाइन कुणालाही दिसतो, म्हणून कागद नाही दिला तरी ते थांबत नाहीत. आईंना फक्त एवढंच सांगा की कशावर अंगठा नाही, सही नाही. हिस्सेदारांनी एकदा एकत्र बसून ठरवा.

मालवणी झिल
मास्तरांनू, आमच्याकडे पेस्टराक सरळ शब्द आसा, ‘वात आणणा’. पोरगो सकाळपासून मोबायलासाठी मागे लागलो काय आवस म्हणता, ‘मेल्या, माका वात आणलंस.’ नायतर ‘डोक्यार मिरी वाटू नको.’ ह्याच्यापेक्षा नेमका काय होया तुमका?

काजूबी
मिरी वाटणं एकदम बरोबर! पाट्यावर मिरी वाटताना तो वरवंटा थांबतच नाही. रत्नागिरीकडे आम्ही ‘हैराण करून सोडलान’ म्हणतो.

जयगडची खाडी
हैराण मूळचा अरबी, तिकडे अर्थ चकित, गोंधळलेला. बेजार फारसी, वीट आलेला. आपण दोन्हींना दमलेल्या माणसाच्या कामाला लावलं. संस्कृतातही हेच. ‘त्रास’ म्हणजे संस्कृतात भीती. ‘छल’ म्हणजे कपट. मराठीत आल्यावर दोन्ही सतावण्याच्या कुळात गेले. तेव्हा वाट अडवणारा पेस्टर सतावणारा झाला, यात इंग्रजीने काही जगावेगळं केलेलं नाही.

शब्दवेडी
उशिरा आले, पण हा माझा आवडता विषय. इंग्रजीत सतावण्याचे शब्द कुठून कुठून आलेत ते बघा.

‘बॅजर’ करणं. बॅजर नावाच्या प्राण्याला पेटीत किंवा बिळात कोंडून त्याच्यावर कुत्रे सोडायचे, हा ब्रिटनमध्ये खेळ होता. १८३५ च्या कायद्याने बंदी आली. गंमत म्हणजे सतावला जायचा तो बॅजर, आणि क्रियापदात सतावणाऱ्याला त्याचं नाव चिकटलं. मला त्या प्राण्याची फार कीव येते.

‘नॅग’. स्कँडिनेव्हियाकडून आलेला, मूळ अर्थ कुरतडणं. आपलं ‘डोकं खाणं’ याच्या अगदी जवळ.

‘टीज’. मूळ अर्थ लोकर बोटांनी उपसून तिचे तंतू मोकळे करणं. आणि ‘हेकल’, म्हणजे अंबाडी-जवसाच्या जातीचे धागे लोखंडी दातांच्या फणीतून ओढून विंचरणं. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे हे विंचरणारे कामगार राजकारणात फार तयार होते, असं तिथे अभिमानाने सांगतात. सभेत वक्त्याला उलटसुलट प्रश्न विचारून त्याला पिंजून काढणं म्हणजे हेकल. बघा, ‘पिंजून काढणं’ हे मराठीत आपोआप आलं की नाही!

म्हणजे गुराखी, शिकारी, पिंजारी, कातकाम करणाऱ्या बाया, यांच्या रोजच्या कामांतून हे शब्द आलेत. पेस्टर गोठ्यातून आला यात मला शंका वाटत नाही, त्याच्या आजूबाजूचे सगळे तसेच आलेत.

वाघोटन
शब्दवेडी, माहिती उत्तम. पण ‘आजूबाजूचे तसे आले म्हणून हाही तसा’ हा पुरावा नव्हे. मिल्टनचा कोंडवाडा हा पुरावा आहे, तो मला मान्य. माझं म्हणणं वेगळं आहे. समाजाने एखादा शब्द एका गोष्टीशी जोडला की ते जोडणं हाही इतिहासच झाला. आपल्याकडे पाव घ्या. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं, आणि त्यापायी सोवळ्यातली घरं पावाला शिवत नव्हती. शब्द पोर्तुगीज आहे, पायाचा काडीचा संबंध नाही. पण त्या खोट्या व्युत्पत्तीने माणसांचं खाणं ठरवलं. तिला कशी वगळणार?

शब्दवेडी
काका, हे मान्य, आणि छान मांडलंत. पण पावाची ती गोष्ट आज मुलांना खरी म्हणून सांगाल का?

वाघोटन
खरी म्हणून नाही सांगणार. घडली म्हणून सांगेन.

तिरफळ
पावावरून हापूस. तोही पोर्तुगीज, अफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि नाव मात्र सैन्यवाल्याचं.

मोहोर
कलमं बांधायची विद्या पोर्तुगीजांकडून आली, ते नाव राहू दे. वांदर काही नाव बघत नाहीत. गेल्या मोसमात निम्मी बाग त्यांनीच झोडली, शहाळी तर झाडावरच फोडून पाणी पितात. कायद्याच्या भाषेत उपद्रवी ठरवायचं तर वन्यजीव कायद्याच्या ६२ व्या कलमाखाली केंद्र सरकारने ठरवावं लागतं. तोपर्यंत आम्ही डबे बडवायचे.

व्यवस्थापक
वानरांसाठी शेतीच्या विभागात धागा आधीच चालू आहे, कृपया तिकडे लिहा. इथे शब्दावर राहू.

आडिवऱ्याची लेक
मास्तरांचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. नेमका शब्द कोणता? माझं मत ‘भंडावणं’. ‘छळणं’मध्ये क्रूरपणा आहे, सासुरवास आहे, तो शब्द पेस्टरला फार जड पडतो. ‘सतावणं’ प्रेमानेही होतं. ‘पिच्छा पुरवणं’मध्ये मागे लागणं आहे, पण समोरच्याची काय दशा झाली ते येत नाही. ‘भंडावून सोडलं’ म्हटलं की दोन्ही येतं.

मालवणी झिल
भंडावणा पुस्तकातला वाटता. वात आणणा घराघरातला आसा.

गोठण
मागणारा माणूस असेल तर भंडावणं. माशी, डास, ढोपरावरचं लोढणं असेल तर हैराण करणं. दोन्हीला एकच शब्द घ्यायची सक्ती कशाला?

सड्यावरचा मास्तर
गोठणकाकांचं ऐकतो. शनिवारचा फळा असा ठरवला आहे. आधी पास्तोर, मग पास्तोरिया, घोड्याचा पाय आणि पास्टर्न. शेजारी लोढण्याचं चित्र. मग मिल्टनचा कोंडवाडा, तिथे अर्थ अडकणं. मग हॅम्लेट, तिथे अर्थ भंडावणं. मधल्या जागेत एका बाजूने बाण काढून ‘पेस्ट’ लिहायचा, म्हणजे शब्द कुठे जन्मला आणि कुणाच्या संगतीने वळला हे एका नजरेत दिसेल. वाघोटनकाकांचा पाव तोंडी सांगेन, घडलेली गोष्ट म्हणूनच. आणि आडिवऱ्याच्या ताईंनी सांगितलेलं लोढण्याबद्दलचं दहावीच्या वर्गात सांगणार, ते त्यांना कळायच्या वयात आलेत.

वहीत मराठी अर्थ लिहायचा तो ‘भंडावून सोडणे’. बोलताना ज्याने त्याने घरचा शब्द वापरावा.

वाघोटन
बाण जाड काढा म्हणजे झालं. आणि पुढच्या शनिवारी ‘अनॉय’ घ्या, तो कुठून आला हे मला खरंच माहीत नाही.

शब्दवेडी
काका, लॅटिनमध्ये ‘मिहि इन ओदिओ एस्त’, म्हणजे ‘मला त्याचा तिटकारा आहे’, असं म्हणत. त्यातलं ‘इन ओदिओ’ एकत्र होऊन क्रियापद झालं, फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि अनॉय बनलं. फ्रेंचमध्येच राहिलं त्या भावाचं नाव ‘आन्वी’, म्हणजे कंटाळा. एकाच घरातून एक भाऊ त्रास द्यायला बाहेर पडला, दुसरा कंटाळून घरी बसला. ‘ओडियस’ही तिथलाच.

वाघोटन
मग यात पेस्ट नाही, दोरी नाही, सरळ माणसाच्या मनातला तिटकारा. घ्याच मास्तर हा.